कमरेइतकी ज्वारी

लिंबाजी, परवा तुझ्या शाळेत शोकसभा झाली आणि लोक तुझं नाव घेऊन भलत्याच माणसाविषयी बोलत राहिले. हेडमास्तर म्हणाले, निर्भीड. एक पुढारी आले होते, त्यांनी तर तुला वाघच करून टाकलं. मी मागं, पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो आणि मला हसूही येत होतं आणि रागही. तू आणि वाघ! एसटीत कधी खिडकीला न बसणारा तू. हॉटेलात शिरलं की आधी पाठ भिंतीला लागेल अशी जागा हुडकणारा तू. तिन्हीसांजेच्या आत घर गाठायचं म्हणून शाळेचं गॅदरिंग अर्ध्यात सोडून निघणारा तू. तुझ्याएवढा भित्रा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि या कामात मीही काही कच्चा नाही.

मला उठून सांगायचं होतं, की बाबांनो, या माणसाची भीती अशी हिसकावून घेऊ नका. पण उठलो नाही. तू ओळखतोस मला. चार माणसांत उभं राहायचं म्हटलं की माझे पाय जड होतात. म्हणून हे लिहितोय.

आणखी एक कारण आहे. येत्या सोमवारी मला गंगाखेडच्या तहसिलात जायचंय. गायरानाची सुनावणी आहे. साक्ष तुझी होती. 'हा फोटो मी काढला, अमुक ठिकाणी काढला,' एवढंच तुला तहसीलदारासमोर सांगायचं होतं आणि तेवढ्यासाठी तुला गेल्या उन्हाळ्यापासून झोप नव्हती. मृग लागला आणि शाळा उघडल्या, आणि तू शाळेला जाता जाता एसटीतच छातीत कळ येऊन गेलास. वकीलसाहेब म्हणतात, काढणारा गेला तरी फोटोतला माणूस आहे ना, तो सांगेल. तो फोटोतला माणूस मी. मी सांगितलं तर तुझी माय आणि वस्तीतली बाकीची घरं इतकी वर्षं जी जमीन कसतायत ती त्यांच्या नावावर व्हायची आशा आहे. नाही सांगितलं तर फोटो म्हणजे नुसता कागद. आणि समोरच्या बाकड्यावर सरपंचाचे भाऊ किसनराव बसलेले असणार, पान जमवत.

आपलं भांडण नेहमी भीतीवरूनच व्हायचं. पूर्णेच्या शाळेत आपण एका बाकावर होतो. तू रेल्वेतल्या मामाकडं राहून शिकायचास, मी गावातल्याच शिंप्याचा पोरगा. तेव्हा तू भित्रा नव्हतास. नदीत पुलावरून उड्या टाकायचास. पुढं तू मास्तर झालास. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावंच्या गावं पेटली, तेव्हा तू पालमजवळ तुझ्या गावात होतास. मायला घेऊन नदीकाठच्या उसात बसून राहिलास. बाहेर आलास तेव्हा घराचं छप्पर गेलेलं होतं. मीही त्या दिवसांत भ्यालो होतो, दाराला कडी लावून बसलो होतो. पण माझ्या दाराची कडी कुणी वाजवलीसुद्धा नाही. पुढं पुढं मी तुला चिडवायचो, "लेका, इतकी वर्षं झाली. आता झालं की."

तू म्हणायचास, "तुझं झालं."

मी चहा मागवायचो.

मग गायरानं कसणाऱ्यांच्या नावावर करायचा सरकारी हुकूम निघाला. तुमच्या गावचं गायरान म्हणजे मुरमाड माळ. तुझ्या मायनं आणि वस्तीतल्या बायाबापड्यांनी दगड वेचून वेचून त्यात ज्वारी काढली, तीळ काढला, बांधाला तूर लावली. पण तलाठ्यानं पीकपाहणीत दर साली एकच शब्द लिहिलेला: गवत. ग्रामपंचायतीनंही लिहून दिलं, तिथं आमची ढोरं चरतात, पीकबीक काही नाही; खाली किसनरावांची सही. वकीलसाहेबांनी तुला सांगितलं, "मास्तर, पीक उभं आहे तोवर फोटो काढून आणा. पीक काढायला गेलात आणि आदल्या दिवशी कुणी ढोरं सोडली तर मी काही करू शकणार नाही." आदल्या साली ढोरं सुटलीच होती. कुणाची सुटली ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

तू माझ्या स्टुडिओत आलास, पाठ भिंतीला लावून बसलास आणि म्हणालास, "सुदाम, नुसत्या रानाचे फोटो काढायचेत. माणूस एक बी नको त्यात."

मी म्हणालो, "माणसाबिगर फोटो कशाचा? मायला उभं कर की पिकात."

"माय दिसली की मायला धरतील. चेहरा नको म्हणलं ना. रान काढ. रानाला कोण मारतंय?"

मी आयुष्यभर चेहरेच काढत आलो होतो. लग्न, मुंज, बारसं, हॉलतिकिटाचे फोटो, एखाद्या म्हाताऱ्याचा शेवटचा. पडद्यावर काश्मीर रंगवलेलं, त्यापुढं माणूस. खरं रान मी कधी काढलं नव्हतं. त्यात माझा कॅमेरा दुरुस्तीला हैदराबादला गेलेला. भिंगाला बुरशी धरली होती. तेव्हा वकीलसाहेबांनी आपला दिला. त्यांच्या भाच्यानं दुबईहून आणलेला, कातडी पिशवीतला, इतका भारी की तो गळ्यात घातल्यावर मला कुणाचं तरी पोर सांभाळायला घेतल्यासारखं वाटायला लागलं.

दिवस तू निवडलास. भादव्यातली झड लागलेली, ऊन दिसून आठवडा उलटला असेल. मी म्हणालो, थोडी उघडीप बघू, उजेडाशिवाय काय दिसणार? तू म्हणालास, "उघडीप झाली की सगळं गाव रानात. झडीत माळावर कुत्रं फिरकत न्हाई." बरोबर होतं तुझं. मी उजेडाचा हिशेब करत होतो आणि तू माणसांचा.

पूर्णेहून परभणी, परभणीहून गंगाखेड, तिथून पालमची एसटी, आणि पुढं चिखलातून पायी. चपला हातात. कॅमेऱ्याला खताच्या पिशवीचा कागद गुंडाळलेला. तू छत्री धरली होतीस ती माझ्यावर नाही, कॅमेऱ्यावर. वाटेत तू दोनदा थांबलास, मागं वळून बघितलंस. मी विचारलं काय, तर म्हणालास, "काई न्हाई. चल." त्या 'काई न्हाई'नंतर मीही मागं बघत चालायला लागलो.

माळावर पोचलो आणि मी बघतच राहिलो. एवढं सुंदर असेल असं तू सांगितलं नव्हतंस. राखी आभाळ पार जमिनीला टेकलेलं, त्याखाली ओली, काळपट हिरवी ज्वारी, आणि कडेला ती दोन चिंचेची झाडं, एकमेकींकडं पाठ करून वाढलेली. गावात त्यांना जावा-जावा म्हणतात, कारण त्या कधी तोंड करून उभ्या राहत नाहीत. सगळ्या तालुक्यात अशी झाडं दुसरी नाहीत. वकीलसाहेबांचं बजावणं होतं: फोटोत जावा-जावा आल्या पाहिजेत, म्हणजे रान कुठलं यावर वाद उरणार नाही.

पण तो कॅमेरा! माझा जुना कॅमेरा पोटाशी धरायचा, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. त्या काचेत डावं उजवीकडं दिसतं, उजवं डावीकडं, आणि इतक्या वर्षांत माझ्या हातांना त्या उलट्या जगाची सवय झालेली. हा डोळ्याला लावायचा. यात सगळं सरळ. मी चिंचा मधोमध आणायला कॅमेरा वळवला की त्या आणखीच कडेला पळायच्या. आत उजेड मोजायची एक सुई होती. ती थोडा वेळ हलली आणि मग ओलीनं मान टाकली ती टाकलीच. मी अंदाजानं काढत होतो. बरं, रीळ आत सरकतंय की जागच्या जागी फिरतंय याचीही खात्री नव्हती. तू दर फोटोनंतर विचारायचास, "आला का?" आणि मी चिडून म्हणायचो, "धुतल्यावर कळंल!"

त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. जुन्या कॅमेऱ्यात मान खाली असली तरी माणसाचे कान, खांदे, आजूबाजू मोकळी असते. इथं एक डोळा मिटलेला आणि दुसरा आत अडकलेला. बाजूनं कोण येतंय ते दिसतच नाही. मी दर वेळी कॅमेरा डोळ्याला लावला की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, तू एसटीत खिडकीला का बसत नाहीस ते. पाठीमागं तू होतास म्हणून मी डोळा मिटत होतो. तुझ्या पाठीमागं कुणी नव्हतं.

आणि तूच आधी पाहिलंस. छत्री हलली. तू इतक्या हळू बोललास की पावसात मला आधी कळलंच नाही. "सुदाम. किसनराव."

किसनरावच होते, डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काठी, आणि त्यांच्यामागं त्यांचा गडी. त्यांचा एक गोऱ्हा दावं तोडून पळालेला, त्याला हुडकत आले होते. झडीत माळावर कुत्रं फिरकत नाही, हा तुझा हिशेब एका गोऱ्ह्यानं चुकवला. पळावं असं वाटलं, पण पळून जाणार कुठं, सगळा माळ उघडा. तू छत्री कॅमेऱ्यावर आणखी खाली ओढलीस.

"कोण हाय? फोटूवाले? पूर्णेचे ना तुमी?" किसनरावांनी मला ओळखलं. त्यांच्या पुतणीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. "आन् मास्तर बी हाय संगं. काय करायलाव इथं एवढ्या पान्यात?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कॅलेंडरसाठी, मालक. पावसाचे देखावे काढायलोय."

ते काही वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग मोठ्यानं हसले. "आवं, माणसाबिगर देखावा कसला? रिकामं रान कोण लावंल भिंतीला? आमाला काढा." आणि काठी टेकत सरळ ज्वारीत शिरले. तुझ्या मायच्या ज्वारीत. गड्यालाही बोलावलं. पिकातून असे चालले की जणू अंगणातच. ताटं त्यांच्या कमरेला लागत होती. मी कॅमेरा वर केला तर म्हणाले, "तुमी बी या की. तुमचा फोटू कोण काढतंय एरवी? मास्तर काढंल. का ओ मास्तर, येतंय ना?"

तू माझ्याकडं बघितलंस. ती नजर मी विसरणार नाही, लिंबाजी. मी तुझ्या हातात कॅमेरा दिला, बटन दाखवलं, "एवढं दाब," म्हणालो आणि जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो. किसनरावांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. जड, ओला हात. मागं कडेला जावा-जावा.

तुझे हात असे थरथरत होते की कॅमेऱ्याचा पट्टाही हलत होता. किसनराव म्हणाले, "मास्तर, हात कामून हलायलाय?"

"थंडी वाजायली, मालक."

"शाळेत तर लय मारता म्हणं पोरांना. तवा न्हाई हलत?"

गडी हसला. तू हसला नाहीस. तू छत्री मिटलीस. पाऊस सरळ तुझ्या डोक्यावर. छत्रीची टोकदार काडी चिखलात रोवलीस, तिच्या वाकड्या मुठीवर कॅमेरा टेकवलास आणि गुडघ्यावर बसलास. श्वास धरलेला मला लांबून दिसत होता. मग खट्ट असा आवाज आला.

"झ्याक!" किसनराव म्हणाले. "कॅलेंडर निगालं की एक धाडा आमाला." आणि गोऱ्ह्याला हाका मारत पुढं निघून गेले.

परतीच्या एसटीत तू दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होतास. गंगाखेड येईस्तोवर ते थांबले नाहीत.

स्टुडिओच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत रीळ धुतलं. आले होते फोटो, जवळजवळ सगळे. आणि सगळे वाया गेलेले. राखी आभाळ, राखी जमीन. पावसानं आणि माझ्या अंदाजपंचे उजेडानं ज्वारीचं गवत करून टाकलं होतं. मापाला काही नसलं की ते पीक गुडघ्याएवढं आहे का घोट्याएवढं, कुणाला कळणार? तलाठ्यानं लिहिलेलं खरं वाटावं असे ते फोटो. तू एकेक ओला कागद लाल दिव्याखाली धरून बघत होतास.

मग तो आला. कागदावर आधी जावा-जावा उमटल्या, मग किसनरावांची घोंगडी, मग कमरेइतकी ज्वारी. ताटं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ. ज्या माणसानं लिहून दिलं होतं की इथं पीक नाही, तो स्वतः पिकात कमरेइतका बुडून उभा. मी आनंदानं ओरडलोच. "लिंब्या! बघ!"

तू म्हणालास, "तुला काप."

मला कळलं नाही.

"तू हायस त्यात. तुला काप. कडंलाच तर हायस."

"मला कापलं की जावा-जावा बी जातील. माझ्या मागंच हायेत."

"जाऊ दे."

"मग रान कुठलं हे कसं कळंल? मग काढला कशाला? जीव मुठीत धरून गेलो ते कशाला?"

आपण त्या कोंदट खोलीत भांडलो, आठवतंय? औषधाच्या पाण्यात हात बुडवून, एकमेकांचं तोंड धड दिसत नसताना. तू म्हणालास, तुझं दुकान त्या लोकांवर चालतं. मी म्हणालो, माझं मी बघीन. तू म्हणालास, "तुला काय कळतंय! भीती एकदा घरात आली की जात न्हाई, सुदाम. मला सवय हाय. तुझ्या घरात कामून आणू?"

मी त्या वेळी फार शूरपणे बोललो. खरं सांगू का, शूर नव्हतो, चिडलो होतो. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा मला सांगत होतास, की तुझी भीती ही नुसती सवय नाही, ती तू कुणाला लागू नये म्हणून जपून ठेवली आहेस. आणि मी तिला चेष्टेचा विषय केला होता. त्या रागात मी फोटो अख्खा छापला आणि तुझ्या हातात दिला.

तू तो भादव्यापासून दिवाळीपर्यंत घरात ठेवलास. दर खेपेला मी विचारायचो, वकीलसाहेबांना दिला का? तू म्हणायचास, बघू. मग एक दिवस आलास, भिंतीला टेकलास आणि म्हणालास, "दिला." तेवढंच. चेहरा तापातून उठल्यासारखा.

त्यानंतरची वर्षं तुला सांगायला नकोत. मारहाण झाली नाही, दगड आला नाही. किसनराव एकदाच माझ्या दुकानात आले, खुर्चीत बसले, पासपोर्ट साइज काढून घेतला. जाताना शांतपणे म्हणाले, "आमचा रानातला फोटू लय झ्याक आलाय म्हणं. तहसिलात हाय. आमाला दावला न्हाई तुमी." हसले आणि गेले. त्यांच्याकडची लग्नं यायची बंद झाली, तेही हळूहळू, कुणी काही न बोलता. दाराबाहेर मोटारसायकल थांबली की माझा हात चहाच्या कपावरच थबकायचा. बायको विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, काई न्हाई. तुझाच शब्द.

तू खोटं बोलला नव्हतास. भीती आली ती गेली नाही. पण मला हे तुला सांगायचं राहून गेलं, की ती आल्यावरच मला तू नीट दिसायला लागलास. मी तुझ्यासारखा भिंतीला पाठ लावून बसायला लागलो, आणि मग हॉटेलात आपण दोघं एकाच भिंतीला, शेजारी शेजारी, दाराकडं तोंड करून. हॉटेलवाला हसायचा. "लगीन लावायचं हाय का तुमचं?" म्हणायचा.

यंदा जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. पूर्णेत वस्तीत दिवे लागले, लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. मी पेढे घेऊन तुझ्याकडं आलो तर तू पोरांना दटावत होतास, फटाके नकोत, आवाज नको. मी म्हणालो, "अरे आज तरी!" तू पेढा तोंडात टाकलास, डोळ्यांत पाणी होतं तुझ्या, आणि म्हणालास, "सुदाम, मला आज लय आनंद झालाय. म्हून तर जास्त भ्या वाटायलंय." असा आनंद मी कुणाचा पाहिला नाही. त्या दिवशी मी तुला चिडवलं नाही, त्याचं आज बरं वाटतंय.

आता सोमवार. काल वकीलसाहेबांकडं जाऊन आलो. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला आणि पेन्सिलीचं टोक माझ्या चेहऱ्यावर टेकवलं. म्हणाले, "सुदामराव, अडचण इथं आहे. तुम्ही हसताय."

मी वाकून बघितलं. तो फोटो मी कितीदा पाहिला असेल, पण पीक बघितलं, चिंचा बघितल्या, किसनरावांची कंबर बघितली. स्वतःकडं कोण बघतं? मी हसतोय, लिंबाजी. किसनरावांचा हात खांद्यावर आणि मी तोंडभर हसतोय, सोयऱ्याच्या लग्नात उभा असल्यासारखा.

वकीलसाहेब म्हणाले, "त्यांचा वकील हेच धरणार. म्हणणार, हे सगळे दोस्त, रान किसनरावांच्या घरचं, यांनीच हौसेनं बोलावून फोटो काढून घेतला, मास्तरांचा संबंध नाही. तुम्हाला विचारतील, हसत का होतात? काय सांगाल?"

मी फोटो पालथा घातला. ते म्हणाले, "विचार करून या."

काल रात्रभर विचार केला. कॅलेंडरचं सांगावं? फोटो काढताना हसायची सवय असते, म्हणावं? धंदा आहे, गिऱ्हाईक होतं, म्हणावं? सगळी उत्तरं शहाणी आहेत आणि त्यातलं एकही तुझ्या मायच्या ज्वारीच्या कामाचं नाही. खरं उत्तर एकच आहे. साहेब, मी भ्यालो होतो. माझी पाचावर धारण बसली होती, आणि भ्यालेला माणूस मालकापुढं हसतो. रान यांचं असतं तर मी हसलो नसतो, निवांत उभा राहिलो असतो. आणि ज्यानं हा फोटो काढला तो माझ्याहून जास्त भ्यालेला होता. त्याचे हात चालत नव्हते म्हणून त्यानं छत्री रोवली, आणि भर पावसात गुडघ्यावर बसून काढला. तो मास्तर होता. रान त्याच्या मायचं होतं.

एवढंच बोलायचंय. पण भरल्या कचेरीत, कारकून, शिपाई, सगळं गाव आणि समोर किसनराव असताना, पन्नाशीला आलेल्या पुरुषानं उभं राहून म्हणायचं, की मी भ्यालो होतो. अजूनही भितो. आणि ते म्हणताना त्यांच्याकडं बघायचं. वाघ असतो तर सोपं होतं. वाघाला असलं काही सांगावं लागत नाही.

बायकोला सांगितलं. ती 'जाऊ नका' म्हणेल अशी मला फार आशा होती. ती शिलाईचं मशीन चालवत होती, तिनं पाय थांबवले आणि उठून माझा पांढरा सदरा इस्त्रीला काढला.

एकच माणूस होता, ज्यानं मला अडवलं असतं. तू भिंतीला टेकून म्हणाला असतास, "नको जाऊ, सुदाम. मी बघतो." मी थोडं भांडलो असतो, मोठ्या गोष्टी बोललो असतो, आणि मग आतून सुटल्यासारखा होऊन तुझं ऐकलं असतं. आता 'नको जाऊ' म्हणायला तू नाहीस. म्हणून जावं लागतंय.